काठावर

पर्वरीला, तिसऱ्या मजल्यावर, मी गुण तपासते.
गुण देत नाही, ते दिलेले असतात.
नदी ओलांडणाऱ्यांना उत्तरं देणारं एक यंत्र,
त्या उत्तरांना गुण देणारं दुसरं,
आणि दुसऱ्याचं कुठे चुकलं ते बघायला मी,
म्हापशाच्या शाळेतून निवृत्त, मराठीची बाई,
चष्मा साखळीला.

तनय कुंकळ्येकर, माझ्या धाकट्याहून लहान,
पहिल्या दिवशी म्हणाला, सोपं आहे, बाई.
अचूकतेला पाच, सौजन्याला पाच,
समाधान ते स्वतःच मोजतं, शेवटच्या वाक्यावरून.
आणि जो काही न बोलता निघून जातो?
तो समाधानी धरायचा.

(शुक्रवारच्या बाजारात सुंगटांचा भाव ऐकून
मी कितीदा काही न बोलता पुढे गेले आहे.
ती नुस्तेकान्न मला समाधानी धरत नव्हती.
पाठीवर ऐकवायची.)

संवाद चारशे सतरा.
नाव पुसलेलं, फोन पुसलेला, वेळ तेवढी राहिली आहे.

नऊ चाळीस. दिवाडीची शेवटची फेरीबोट कितीला?
उत्तर एका सेकंदात: नमस्कार, वेळ, धक्का, आभार.
यंत्राचे पाचपैकी पाच. माझेही.

दहा सत्तावीस. शेवटची कितीला?
तेच उत्तर, तोच नमस्कार.
शेरा: पुनरावृत्ती. ग्राहकाने आधीचं वाचलेलं नाही.

अकरा बावन्न. शेवटची?
शेरा: पुनरावृत्ती. प्रश्न अपूर्ण.

एकतीस वर्षं पेपर तपासले मी.
एकच ओळ तीनदा लिहिणारं पोर
तिन्ही वेळा तेच सांगत नसतं.
पहिला प्रश्न बांबोळीच्या इस्पितळातला असेल,
व्हरांड्यातल्या बाकावरचा, नर्स अजून आत असताना.
दुसरा रस्त्यावरचा, बस गेल्यावर.
तिसरा रायबंदरच्या धक्क्यावरून,
जिथून शेवटची म्हणजे
पलीकडे लागलेला एक पिवळा दिवा.
मला काय ठाऊक? काही नाही.
मी फक्त मधली मिनिटं मोजली.
सत्तेचाळीस. मग पंच्याऐंशी.
त्या रकान्याला गुण नाहीत.

शेवटी त्याने, की तिने, लिहिलं,
देव बरें करूं.
यंत्र खूश. कृतज्ञता आढळली, अधिक दोन.
माझी आई हे चहा देणाऱ्याला म्हणायची
आणि पैसे नाकारणाऱ्या भाटकारालाही,
त्याच शब्दांत, चपला शोधता शोधता.
फरक चपलांत असायचा.

एकूण एक्याण्णव.
शेजारच्या चौकटीत माझा आकडा.
मी साठ लिहिते, खोडते, चाळीस लिहिते.
माझेही गुण लागतात इथे,
यंत्राशी माझं किती जुळतं त्यावर.
गेल्या महिन्यात त्र्याऐंशी टक्के.
ब्याऐंशीच्या खाली गेलं की आग्नेलसारखं
तनय प्रेमाने चहाला घेऊन जातो.

तरी चाळीसच ठेवते.
शेऱ्याला एक ओळ मिळते. लिहिते,
ग्राहक काठावर राहिला.

दुपारी ते परत येतं, माझा शेरा वाचून,
समजून, सारांश करून:
परीक्षकाच्या मते संवाद काठावर पास.

मी हसले. एकटीच, मोठ्याने,
पलीकडच्या टेबलावरून तनयने मान वर केली.
चूक नव्हती ती. शब्द माझाच होता,
एकतीस वर्षं मीच तो प्रगतिपुस्तकांवर लिहीत आले,
पोरं कुठल्या काठावर उभी आहेत
हे न विचारता.

पुढचा. चारशे अठरा.
कुणीतरी विचारलंय, फेरीत बकरी चालते काय,
लहान आहे, मांडीवर धरीन.
यंत्राने शून्य दिलेत, विषयाबाहेर म्हणून.

मी खुर्ची पुढे ओढते.